खट्! आणि बास बदलला

महाराष्ट्रात कुठेही सिंगल कॉइल पिकअपचा बास ॲम्पला जोडा, आवाज वाढवा आणि तारांना हातही लावू नका. तरी एक सूर ऐकू येतो: घूंऽऽ. हा सूर जवळपास 'जी' आहे. आपली वीज ५० हर्ट्झची आणि बासच्या सर्वांत जाड ई तारेवर तिसऱ्या फ्रेटला मिळणारा जी ४९ हर्ट्झचा. हमिंग चालू असताना तो जी वाजवून धरून ठेवा. दोन्ही आवाज एकमेकांत मिसळतात आणि सेकंदाला साधारण एकदा अशा लयीत वरखाली होतात. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची. तिथलं हमिंग ए शार्प आणि बी यांच्या अगदी मधोमध अडकतं, कुठल्याच फ्रेटवर बसत नाही.

गंमत अशी की या हमिंगवरचं औषध बासवरच असतं. फेंडर कंपनीच्या जॅझ बासला दोन पिकअप, प्रत्येकाला व्हॉल्यूमचा स्वतंत्र नॉब. दोन्ही नॉब पूर्ण उघडा, हमिंग गायब. एक नॉब जरासा मागे घ्या, हमिंग हजर!

दोनदा उलट म्हणजे सुलट

पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर पोलादी तार थरथरली की चुंबकाचं क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत वीज तयार होते. पण तेच वेढे अँटेनाचंही काम करतात. ट्यूबलाइट, ट्रान्सफॉर्मर, स्टेजवरचे डिमर, जे जवळ असेल त्याची गुणगुण पकडतात.

जॅझ बासमधल्या एका पिकअपचे वेढे दुसऱ्याच्या उलट दिशेने घातलेले असतात आणि त्याचं चुंबकही उलटं बसवलेलं असतं. तारेच्या आवाजाला दोन्ही गोष्टी लागू होतात. दोनदा उलटल्यामुळे तो सुलट होतो आणि दोन्ही पिकअपांमधून येणाऱ्या आवाजाची बेरीज होते. हमिंगचा चुंबकाशी संबंधच नाही. ते फक्त वेढ्यांमुळे एकदाच उलटतं, म्हणून एका पिकअपमधून वर आणि दुसऱ्यामधून खाली येतं आणि वजाबाकीत संपतं. वजाबाकी पुरी व्हायला दोन्ही आकडे सारखे लागतात, म्हणूनच नॉब किंचित हलला तरी घूंऽऽ परत येते.

जॅझ बास १९६० मध्ये बाजारात आला तेव्हा त्याला एकावर एक बसवलेले दुमजली नॉब होते. थोड्याच वर्षांत त्यांची जागा तीन साध्या नॉबनी घेतली: व्हॉल्यूम, व्हॉल्यूम, टोन. पिकअप निवडायचा स्विच मात्र कधीच नव्हता. एक नॉब बंद आणि एक उघडा, हाच त्याचा स्विच. त्यासाठी वायरिंगमध्ये एक छोटीशी करामत आहे. पिकअपची वायर नॉबच्या मधल्या टोकाला जोडलेली असते, त्यामुळे एक नॉब शून्यावर नेला तरी दुसरा पिकअप बोलत राहतो. लेस पॉलसारख्या गिटारच्या नेहमीच्या वायरिंगमध्ये दोन्ही पिकअप चालू असताना एक व्हॉल्यूम शून्यावर नेला, तर सगळंच मुकं होतं.

सगळा खेळ जागेचा

नेक पिकअप (दांडीकडचा) म्हणजे बास आणि ब्रिज पिकअप (तारेच्या दुसऱ्या टोकाकडचा) म्हणजे ट्रेबल, असं बहुतेकांना वाटतं. खरं तर पुष्कळ बासमध्ये दोन्ही पिकअप आतून जवळजवळ सारखे असतात. वेगळी असते ती जागा. स्विच फिरवताना आपण तारेला कुठे कान लावायचा ते ठरवत असतो, आणि बासच्या टोनबद्दल एवढं एक कळलं की बाकीच्या निम्म्या गोष्टी आपोआप उलगडतात.

दोरीवरच्या उड्या आठवा. दोन मुली दोरी फिरवतात तेव्हा मधे दोरीचा फेर केवढा मोठा असतो आणि हाताजवळ ती जेमतेम हलते. बासच्या तारेचंही तेच. तिचा मूळ सूर मधोमध सर्वांत जास्त डोलतो आणि ब्रिजपाशी अगदी थोडा. पण तार एकाच वेळी अर्ध्या, तिसऱ्या, चौथ्या हिश्श्यांतही थरथरत असते. हे झाले हार्मोनिक. मोकळी ई तार ४१ हर्ट्झला वाजते आणि तिच्यात ८२, १२४, १६५ असे वरचे सूरही भरलेले असतात. ब्रिजजवळ मूळ सूर दुबळा पडतो, पण वरच्या हार्मोनिकांची हालचाल तिथेही ठसठशीत असते. म्हणून ब्रिज पिकअप टोकदार, नाकातून बोलल्यासारखा वाजतो. नेक पिकअप मधल्या भागाच्या जवळ, म्हणून त्याचा आवाज गोल आणि जड.

याहून मजेची गोष्ट म्हणजे काही सूर पिकअपला ऐकूच येत नाहीत. तारेच्या बरोबर एक चतुर्थांशावर पिकअप ठेवला तर मोकळ्या तारेचा चौथा हार्मोनिक तिथे स्थिर असतो. तार तो सूर वाजवत असते, हवेत तो असतोही, पण ॲम्पमधून येत नाही.

खड्डा कुठेही जात नाही

आता दोन्ही पिकअप एकदम उघडू. दोन ठिकाणी लावलेले दोन कान. खालच्या सुरांना तार दोन्ही ठिकाणी एकाच दिशेने हलते, म्हणून ते दणकट होतात. मधल्या काही हार्मोनिकांना मात्र एका पिकअपवर तार वर जाते त्याच क्षणी दुसऱ्यावर खाली येते. परत वजाबाकी, आणि मिडमध्ये खड्डा.

हा खड्डा कुठे पडणार ते कागदावर काढता येतं. जॅझ बासची तार ३४ इंच, म्हणजे ८६ सेंटीमीटरच्या आसपास. जुन्या जॅझ बासमध्ये दोन पिकअपांतलं अंतर साधारण ९ सेंटीमीटर. ८६ भागिले ९ म्हणजे साडेनऊच्या आसपास, म्हणून मोकळ्या तारेचा नववा-दहावा हार्मोनिक मरतो. ए तारेवर ही जागा साधारण ५२० हर्ट्झला येते, ई तारेवर ३९० च्या आसपास, डीवर ७०० आणि जीवर ९२५ च्या जवळ.

आणि आता माझी सर्वांत आवडती गोष्ट. डाव्या हाताने कितीही वरच्या फ्रेटला जा, त्या तारेचा खड्डा जागचा हलत नाही! सूर दुप्पट झाला तर वाजणारी तार निम्मी होते आणि गुणाकार तिथल्या तिथे राहतो. प्रत्येक तारेला तिचा स्वतःचा खड्डा कायमचा नेमून दिलेला आहे. दोन्ही नॉब उघडे ठेवलेला जॅझ बास कुठल्याही गाण्यात, कुठल्याही पट्टीत ओळखू येतो, त्याचं मोठं कारण हेच.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला फेंडरने ब्रिज पिकअप सुमारे एक सेंटीमीटर ब्रिजकडे सरकवला. एक सेंटीमीटर! तेवढ्याने ए तारेवरचा खड्डा ५० हर्ट्झच्या आसपास खाली उतरतो आणि ब्रिज पिकअप आणखी कडक वाजतो. 'साठचा जॅझ' की 'सत्तरचा जॅझ' हा बासवाल्यांचा वाद केवळ हौसेचा नाही, त्यामागे हा सेंटीमीटर आहे. बासवादक मार्कस मिलरचा १९७७ चा जॅझ बास दुसऱ्या गटातला, आणि त्यात रॉजर सॅडोस्कीने प्रीॲम्प बसवला. अंगठ्याने तार ठोकायची आणि बोटाने उपसायची ती स्लॅपची शैली दोन्ही नॉब उघडे या सेटिंगवर खुलते. खाली धप्प, वर टण्ण, मधला गोंधळ साफ.

घरी एकट्याने वाजवताना हे सेटिंग फार सुंदर वाटतं. बँडमध्ये मात्र त्याच खड्ड्यात गिटार, कीबोर्ड आणि गायक येऊन बसतात आणि बास दिसेनासा होतो. आवाज वाढवत बसण्यापेक्षा नेक पिकअपचा नॉब थोडा मागे घ्यावा. मिड परत येतात आणि बास पुढे सरकतो. थोडं हमिंग सोबत येईल, ते चालवून घ्यावं.

जॅकोचा एकच पिकअप

जॅको पास्टोरियस बहुतेक वेळा नेक पिकअप मागे ठेवायचा आणि ब्रिज पिकअपवर भर द्यायचा. त्याचा बास १९६२ चा जॅझ, फ्रेट काढलेला आणि फिंगरबोर्डवर बोटींसाठी वापरतात तसल्या इपॉक्सीचा थर चढवलेला. त्या कडक पृष्ठभागावर तार घासून जो 'म्वाऽऽ' उमटतो तो सगळा मिडमध्ये राहतो. दोन्ही पिकअप उघडले असते तर नेमका तोच खड्ड्यात गेला असता. हात मागे ब्रिजपाशी, पिकअपही तिथलाच, म्हणून प्रत्येक सुराची सुरुवात कोरल्यासारखी ऐकू येते.

त्याच्या १९७६ च्या पहिल्या अल्बममधलं 'पोर्ट्रेट ऑफ ट्रेसी' मुख्यतः हार्मोनिकांवर उभं आहे. हार्मोनिक वाजवायचे आणि ब्रिजजवळून ऐकायचे, म्हणजे जिथे ते सर्वांत स्पष्ट असतात तिथूनच उचलायचे. फ्रेटलेस बासवर हात बसवणाऱ्या प्रत्येकाने ते एकदा हेडफोन लावून, डोळे मिटून ऐकावं. हा बास १९८६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये चोरीला गेला आणि दोन दशकांनी पुन्हा समोर आला. तो जॅकोच्या कुटुंबाकडे यावा म्हणून पुढे मेटॅलिकाचा बासवादक रॉबर्ट ट्रुहियो याने पैसे घातले.

स्विच नाही, तरी दोन जागा

१९५१ चा प्रिसिजन बास काढणारा लिओ फेंडर मुळात कॅलिफोर्नियातला रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. त्याने या बासला एक पिकअप, एक व्हॉल्यूम, एक टोन दिला आणि विषय संपवला. १९५७ मध्ये पिकअपचे दोन तुकडे झाले. ई आणि ए तारांखालचा अर्धा नेककडे, डी आणि जी तारांखालचा अर्धा ब्रिजकडे सरकलेला. दोन्ही अर्धे एकमेकांच्या उलट, म्हणून हमिंग कटतं. पण प्रत्येक तार एकाच अर्ध्यावरून जाते, एकाच ठिकाणी ऐकली जाते, म्हणून मिडचा तो खड्डा इथे पडत नाही. हमिंगही नाही आणि खड्डाही नाही! प्रिसिजन कुठल्याही बँडमध्ये चटकन बसतो तो यामुळे. माझ्या मते बासच्या इतिहासातला हा सर्वांत हुशार पिकअप आहे. जाड तारा नेकजवळ ऐकल्यामुळे भरदार वाजतात आणि बारीक तारा ब्रिजजवळ ऐकल्यामुळे त्यांना धार येते. काही कारागीर हे अर्धे उलटे बसवतात, म्हणजे जाड तारा घट्ट वाजतात आणि बारीक तारा मऊ.

डेट्रॉइटच्या मोटाउन स्टुडिओत जेम्स जेमर्सनने असाच १९६२ चा प्रिसिजन वाजवला. बास थेट रेकॉर्डिंगच्या कन्सोलला जोडलेला, ब्रिजच्या झाकणाखाली फोमचा तुकडा, जाड गुळगुळीत फ्लॅटवाउंड तारा आणि त्या तुटेपर्यंत बदलायच्या नाहीत असा शिरस्ता. उजव्या हाताचं एकच बोट, ज्याला लोक 'द हुक' म्हणत. फिरवायला स्विच नाही, तरी त्या एका बोटातून एवढी विविधता आली की साठच्या दशकातली कित्येक गाणी आज बासवरून ओळखता येतात. त्याचाही बास १९८३ मध्ये, त्याच्या मृत्यूच्या जरा आधी, चोरीला गेला आणि अजून सापडलेला नाही.

एका बासमधून दोन ॲम्प

रिकनबॅकर ४००१ ला तीन जागांचा खटका आहे: नेक, दोन्ही, ब्रिज. १९६१ पासूनच्या या बासची खरी मजा आत लपलेली आहे. जुन्या मॉडेलमध्ये ब्रिज पिकअपच्या वाटेत ०.००४७ मायक्रोफॅरडचा एक चिमुकला कॅपॅसिटर बसवलेला असे. तो खालचे सूर अडवतो आणि वरचे जाऊ देतो. त्यामुळे खटका मधे ठेवला की कामाची वाटणी होते: तळ नेक पिकअपचा, खणखणाट ब्रिज पिकअपचा. आताच्या मॉडेलमध्ये नॉब उचलून हा कॅपॅसिटर हवा तेव्हा वाटेत आणता येतो.

या बासला एक जादा जॅकही मिळाला. 'रिक-ओ-साउंड' नावाच्या त्या सोयीमुळे दोन पिकअप दोन वेगळ्या ॲम्पना जोडता येतात. येस बँडच्या क्रिस स्क्वायरच्या बासला ही सोय नव्हती, म्हणून त्याने वायरिंग बदलून दोन पिकअपांचा आवाज वेगळा काढून घेतला. एक बाजू स्वच्छ आणि खोल, दुसरी बाजू करकरीत. १९७१ चं 'राउंडअबाउट' लावा. तिथे बास पार्श्वभूमीला थांबायलाच तयार नाही.

बीटल्सचा व्हायोलिन बास

पॉल मॅकार्टनीने १९६१ मध्ये हॅम्बर्गमध्ये घेतलेल्या, व्हायोलिनच्या आकाराच्या हॉफनर ५००/१ वर नॉबांच्या जोडीला तीन सरकते स्विच आहेत. त्यांवर लिहिलंय: र्‍हिदम/सोलो, बास ऑन, ट्रेबल ऑन. र्‍हिदमवर नेलं की आवाज कमी होतो, सोलोवर परत पूर्ण. गाण्याच्या मधे एका बोटाने आवाज खाली-वर करायची ही सोय.

पण त्या पहिल्या हॉफनरची खासियत वेगळी. त्याचे दोन्ही पिकअप एकमेकांना जवळजवळ खेटून, नेककडे बसवलेले होते. मग स्विच कुठलाही दाबा, कान तारेच्या साधारण त्याच भागावर. दोन्ही जागांचा आवाज जाड आणि घुमणारा. त्याच्या १९६३ च्या दुसऱ्या हॉफनरवर एक पिकअप ब्रिजकडे सरकलेला होता, आणि स्विच बदलल्यावरचा फरकही मग मोठा झाला. कंपनी तीच, आकार तोच, नाव तेच. सरकला तो एक पिकअप.

पहिला हॉफनर १९७२ मध्ये लंडनमध्ये एका गाडीतून चोरीला गेला. तो सापडून मॅकार्टनीकडे परत आल्याची बातमी फेब्रुवारी २०२४ मध्ये आली तेव्हा जगभरच्या बासवाल्यांनी अक्षरशः सण साजरा केला.

तीन स्विच बंद, बास बंद

क्रीम बँडचा जॅक ब्रूस वाजवायचा त्या गिब्सन ईबी-३ वर चार जागांचा गोल फिरणारा स्विच होता. त्याचा नेकजवळचा पिकअप इतका गडद की वादकांनी त्याला 'मडबकर' असं टोपणनाव ठेवलं. तार ३०.५ इंचांची, पिकअप फिंगरबोर्डला चिकटून. अशा ठिकाणी कान लावल्यावर धार कुठून येणार!

१९६१ च्या फेंडर बास सिक्सवर तीन पिकअप आणि प्रत्येकाला स्वतःचा चालू-बंद स्विच. गणित केलं तर आठ जोड्या होतात, त्यांतल्या सात वाजतात. आठवीत तिन्ही बंद, म्हणजे पूर्ण शांतता. १९६३ मध्ये त्यात चौथा स्विच आला. तो खालचे सूर कापतो, आणि वादक त्याला 'स्ट्रँगल' म्हणतात. बासवर बास कमी करणारा स्विच ऐकायला विचित्र वाटतो. पण हा सहा तारांचा, गिटारपेक्षा एक सप्तक खाली लावलेला बास रेकॉर्डिंगमध्ये दुसऱ्या बासच्या जोडीला वाजवायचा असेल, तर तळ एकाने सांभाळावा आणि टोक दुसऱ्याने, हे शहाणपणाचंच.

वाटा दोन: सिरीज आणि पॅरलल

इथे जागा बदलत नाही, जोडणी बदलते. दोन पिकअप, किंवा एकाच हंबकर पिकअपमधल्या दोन कॉइल, एकामागे एक जोडल्या तर सिरीज, शेजारी-शेजारी जोडल्या तर पॅरलल. जॅझ बासचा एक पिकअप साधारण साडेसात किलोओहमचा धरा. सिरीजमध्ये दोघांचे मिळून पंधरा होतात, पॅरललमध्ये पावणेचार. सिरीजमध्ये आवाज मोठा आणि मिड जाड होतात, आणि वरची चमक विझते, कारण वेढे वाढले की वरचे सूर ॲम्पपर्यंत पोचण्याआधीच दमतात. पॅरललमध्ये आवाज थोडा लहान, पण स्वच्छ आणि चमकदार.

१९७६ चा म्युझिक मॅन स्टिंगरे एकाच मोठ्या हंबकरवर उभा आहे आणि त्याच्या दोन कॉइल पॅरलल. त्यात भर घालायला ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा प्रीॲम्प. शीक बँडच्या बर्नार्ड एडवर्ड्सने १९७९ च्या 'गुड टाइम्स'मध्ये वाजवला तो हाच बास. पुढे आलेल्या पाच तारांच्या स्टिंगरेवर तीन जागांचा स्विच मिळाला: सिरीज, एकच कॉइल, पॅरलल. फेंडरने २००३ मध्ये जॅझ बासच्या व्हॉल्यूम नॉबमध्येच एक बटण लपवलं, त्याचं नाव एस-१. ते दाबलं की दोन्ही पिकअप सिरीजमध्ये येतात आणि जॅझ बास प्रिसिजनच्या वळणावर जातो. सोलो घ्यायचा असेल किंवा गाण्याच्या शेवटच्या कडव्यात बास अंगावर यायला हवा असेल, तर हे एक बटण पुरतं.

जोडणीत एक चूक मात्र भलतंच ऐकवते. पिकअप बदलताना एकाच्या दोन वायरींची अदलाबदल झाली तर दोन्ही पिकअप एकमेकांच्या विरुद्ध बोलू लागतात. मग खालचे सूर कटतात आणि बास डबा वाजवल्यासारखा पोकळ येतो. एकेकटा पिकअप छान, दोन्ही एकत्र केले की तळ नाहीसा, असं झालं तर पिकअप खराब समजून दुकानात धाव घेऊ नका. दोन वायरी उलटसुलट करून बघा.

ॲक्टिव्ह, म्हणजे आत बॅटरीवरचा प्रीॲम्प असलेल्या, बासबद्दल एक गोष्ट नवीन वादकांना हमखास सांगावी लागते. अशा बहुतेक बासमध्ये प्रीॲम्पचा स्विच म्हणजे केबलचा जॅकच असतो. केबल घातली की बॅटरी सुरू, काढली की बंद. केबल कायम लावून ठेवली तर बॅटरी विनाकारण संपत जाते, मग ऐन कार्यक्रमात बास खरखरतो आणि दोष ॲम्पला जातो.

उजवा हात हाही स्विचच

पिकअप तारेला जिथे ऐकतो त्याला जेवढं महत्त्व, तेवढंच तार छेडायच्या जागेला. ब्रिजजवळ छेडलं की वरचे हार्मोनिक जास्त उठतात, फिंगरबोर्डच्या टोकाशी छेडलं की मूळ सूर. बरोबर मध्यावर छेडलं तर दुसरा, चौथा, सहावा असे सम हार्मोनिक जवळपास उठतच नाहीत. नेक पिकअप आणि ब्रिजपाशी हात, किंवा ब्रिज पिकअप आणि नेकपाशी हात, या तिरक्या जोड्या फार थोडे लोक करून बघतात. दुसरी जोडी मला फार आवडते. सूर मऊ सुरू होतो, पण त्याचं बोलणं स्पष्ट राहतं. बॅलडला, भावगीताच्या संथ चालीला याहून चांगला टोन शोधायची गरज नाही. मुंबईची बासवादक मोहिनी डे हिचे व्हिडिओ बघताना डाव्या हाताच्या वेगाने डोळे दिपतात, पण नजर काही वेळ मुद्दाम उजव्या हातावर ठेवून बघा.

मोबाइलवर बास कुठून येतो?

ई तार ४१ हर्ट्झची आणि मोबाइलचा चिमुकला स्पीकर ४१ हर्ट्झ देऊच शकत नाही. तरी मोबाइलवर बासची ओळ आपल्याला कळते. कारण ८२, १२४, १६५ अशी रांग कानावर पडली की मेंदू स्वतःच मागे ४१ चा सूर उभा करतो. ध्वनिशास्त्रात हे शंभराहून अधिक वर्षांपासून माहीत आहे. स्पीकरमधून मूळ सूर येत नाही आणि आपल्याला तो ऐकू येतो!

ट्रान्झिस्टर रेडिओचीही हीच गोष्ट. आर. डी. बर्मन यांच्या वादकांत टोनी वाझ बास गिटार वाजवत. ती गाणी आपल्या घरांत ज्या रेडिओवर पोचली, त्याच्या तळहाताएवढ्या स्पीकरला बासचा तळ झेपणं शक्यच नव्हतं. तरी त्या ओळी लोकांना तोंडपाठ आहेत. वरच्या हार्मोनिकांनीच त्या घरोघरी नेल्या.

स्विच कुठे ठेवायचा, हे म्हणूनच ऐकणारा कशावर ऐकणार आहे त्यावरून ठरवावं. रील करायची असेल तर ब्रिज पिकअप वाढवा, टोनचा नॉब उघडा आणि मिड राहू द्या. हेडफोनवर शांतपणे ऐकायचं रेकॉर्डिंग असेल तर दोन्ही पिकअप. गणेशोत्सवाच्या मंडपात, जिथे सबवूफर आधीच जमीन हलवतोय, तिथे नेक पिकअप पूर्ण उघडला की सगळा तळ एकमेकांत कालवला जातो आणि कुठला सूर वाजला तेच कळत नाही. तिथे ब्रिज पिकअपकडे झुका, हात थोडा मागे घ्या, आणि साउंडवाल्या दादांना आधीच सांगून ठेवा की साउंडचेकला ई तारेचा तिसरा फ्रेट वाजवणार आहे. हमिंग असेल तर तिथेच पकडलं जाईल.